मेष्ट्रूंचे हसे

मस्टरवर सहीच्या जागी कोंबडा काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शाळेचा ड्रॉइंगमास्तर होता. सोमवारी कोंबडा, मंगळवारी पळी, बुधवारी कंदील, आणि गुरुवारी कुणाचं तरी पाठमोरं टक्कल. ते टक्कल आमच्या मंडळाच्या चिटणिसांचं आहे हे ओळखायला मला चष्मा लावावा लागला नाही.

"अहो, सही करा, सही," मी म्हणायचे.

"केली की बाई. माझंच आहे ते. दुसऱ्या कुणाला येतंय काय असलं कोंबडं?"

मी कपाळाला हात लावून कोंबड्याशेजारी कंसात 'हजर' असं लाल शाईनं लिहीत असे. चार वर्षं लिहिलं.

आमची शाळा बंगळूरात चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत होती. मराठी मंडळानं चालवलेली प्राथमिक शाळा. चार खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणाकडेला एक लांब पडवी. मुलं दोन तऱ्हेची. काही चिकपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शिंप्या-रंगाऱ्यांची. ती घरी 'अण्णा', 'अक्का' म्हणत आणि मराठीत कानडी कालवून बोलत. बाकीची सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्या पुण्याकडच्या इंजिनियरांची. ती 'बाबा', 'आई' म्हणत आणि पहिल्यांच्या मराठीला हसत. मी मुख्याध्यापिका होते आणि मराठीही मीच शिकवत होते. परमुलखात मराठी टिकवायची तर ती शुद्ध टिकवावी असा माझा हट्ट होता. मंडळाच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणातले ऱ्हस्वदीर्घसुद्धा मी दुरुस्त करून परत पाठवले होते. त्यानंतर दोन वर्षं मला निमंत्रण आलं नाही, पण ते जाऊ दे.

अशा माझ्या शाळेत हा माणूस आला. बेळगावकडचा, पन्नाशीचा, सडसडीत, धोतरावर कोट आणि काखेत बाराही महिने छत्री. मुलं त्याला मेष्ट्रु म्हणत, कानडीत मास्तरांना म्हणतात तसं. ती छत्री उघडलेली कुणी पाहिली नव्हती. एकदा चांगला झोडपून पाऊस लागला तेव्हा हा मिटलेली छत्री छातीशी धरून, नखशिखान्त भिजून शाळेत आला. मी विचारलं तर म्हणाला, "आत ब्रश आहेत की बाई. ते भिजतील."

त्याच्या वर्गात शिरताना मुलांना दाराशीच खोडरबर जमा करावं लागे. त्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. "पुसायचं नाही," तो सांगे. "रेघ चुकली तर चुकू दे. तिला पुढं वाट काढून द्या." माझ्या तासाला हीच मुलं शुद्धलेखनाच्या चुका न खोडता त्यांना पुढं वाट काढून देत. 'पाणि'च्या वेलांटीला पानंफुलं काढून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहेत. मी त्याला बोलावून झापलं. तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वेल झकास आलीय ओ."

दुसरा नियम डोंगरांचा. कुठल्याही मुलाच्या हाती कागद दिला की तो दोन डोंगर काढतो, मधून सूर्य, खालून नदी, कडेला नारळाचं झाड. मेष्ट्रूंना हे चित्र दिसलं की अंगाची लाही होई. "कुठं बघितलास हा डोंगर? चिकपेटेत? कुठल्या दुकानामागं?" मग काय काढायचं? तर ज्यांच्या हातात चित्र आहे त्यांना जाऊन विचारायचं. ड्रॉइंगच्या पुस्तकावर त्याचा विश्वास नव्हता. रस्त्यावर खडी टाकायला लमाणी बायका येत. त्यांच्या घागऱ्यांवर आरसे आणि रंगीत दोऱ्यांची भरगच्च कशिदाकारी असे. हा अख्खी चौथी त्यांच्यापुढे रस्त्याकडेला नेऊन बसवी. आधी नमस्कार करायचा, मग विचारायचं, "अक्का, हे कसं काढतात, दाखवता काय?" तिनं नाही म्हटलं तर मुकाट्यानं परत यायचं. हो म्हटलं तर तिच्या हाताकडं बघत तिथंच काढायचं, आणि चित्राखाली कुणाकडून शिकलो ते लिहायचं. तसं लिहिलेलं नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, शून्य गुण.

"ही चोरी न्हवं काय बाई?" तो मला म्हणाला होता. "हात तिचा, नाव आपलं?"

मला ते पटलं होतं. पण ते लिहिलेलं तपासायला माझ्याकडे येई, आणि त्यात 'लमाणि अक्काकडुन शीकलो' अशा एका ओळीत तीन चुका असत. शिवाय गणवेशावर रस्त्याचं डांबर. इंजिनियरांच्या बायका मला भेटायला येत त्या डांबर घेऊनच.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना अजून माझा पारा चढतो, आणि कुणावर चढतो ते मला नीट ठरवता येत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेची तपासणी होती. शाळेला कायमची मान्यता मिळायची होती. ती मिळाली नाही तर जूनमध्ये मुलं दुसरीकडे जाणार आणि बंगळूरातली आमची मराठी शाळा मिटणार. माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं. नेमक्या त्याच दिवसांत मेष्ट्रूंनी एका पालकबाईंना माझ्या अंगावर घातलं. झालं होतं असं की त्यानं मुलांना घरून दोन वस्तू आणायला सांगितल्या होत्या: मूठभर तांदूळ आणि मूठभर करपलेले तांदूळ.

"आमच्याकडे भात करपत नाही," त्या बाई थरथरत म्हणाल्या. "माझ्या मुलीनं वर्गात काय सांगितलंय ते मला कळलंच पाहिजे!"

मी मेष्ट्रूंना बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "भात नव्हे ओ. कोरडे तांदूळ. तव्यावर काळे होईस्तोवर भाजायचे. पांढरा रंग तांदळाचा, काळा बी तांदळाचाच." आणि त्या बाईंकडे वळून म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर राहू दे अक्का, मी भाजतो." त्या बाई अधिकच भडकल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या मुलीनं डबाभर काळे कुळकुळीत तांदूळ आणले.

चौथीत मग रोज तेच चाललं. जुन्या वर्तमानपत्रांना लाल माती फासायची आणि तीवर तांदळाच्या पिठानं पांढऱ्या बारीक रेघा ओढायच्या. ब्रशसुद्धा विकतचे नव्हते. अंबाडीचा वाख काडीला बांधून केलेले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "तयारी."

मग त्याचा अर्ज आला. तो अजून माझ्यापुढे दिसतो: 'ईयत्ता चौथीच्या मुलांसोबत पडवीच्या भींतीवर हसे काडणेस परवाणगी मिळावी, रविवार धरून.'

मी लाल पेन काढलं. 'ईयत्ता' दुरुस्त केलं, 'भींती' दुरुस्त केलं, 'काडणे'चं 'काढणे' केलं, 'परवाणगी'चा 'ण' काढून 'न' घातला. राहिला 'हसे'. भिंतीवर हसे कसे काढतील? या माणसाला 'ठ' लिहिता येत नाही, दुसरं काय! मी 'ह' खोडून वर 'ठ' लिहिला. ठसे. लहान मुलांच्या हातांचे ठसे भिंतीवर उमटवायचे; कल्पना बरी होती, इन्स्पेक्टरांना आवडलीही असती. रविवार वाळायला लागत असेल. मी सही करून अर्ज परत दिला. मेष्ट्रूंनी तो न वाचताच छत्रीत खुपसला.

गुरुवार आणि शुक्रवार मी फायली घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत बाकावर बसून काढले. सोमवारी इन्स्पेक्टर येणार होते. शनिवारी सकाळी शाळेत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजले.

माझी पडवीची पांढरी भिंत लाल झाली होती. टोकापासून टोकापर्यंत लाल मातीनं सारवलेली. तिच्यावर मधोमध माणसाएवढा एक चौकोन, त्याच्या आत चौकोन, त्याच्या आत सुतासारख्या रेघांची जाळी, आणि पार आत चार-चार रेघांची दोन माणसं. एका बाकावर उभी राहून एक पन्नाशीची काळीसावळी बाई वाखाच्या ब्रशानं रेघ ओढत होती. श्वास रोखून, एका दमात. खाली उकिडवी बसलेली चौथी कडेची नक्षी काढत होती.

"हे ठसे?" मी ओरडले. "हे ठसे आहेत?"

"ठसे कुठलं बाई?" मेष्ट्रु गोंधळून म्हणाला. "हसे. अर्जात लिहिलंय की."

मग कळलं. मलनाडच्या डोंगराळ मुलखात, शरावती नदीच्या बाजूला, दीवरू लोकांच्या घरी लग्न ठरलं की घरातल्या बाया भिंत लाल मातीनं सारवतात आणि तिच्यावर हे चित्र काढतात. कानडीत त्याला हसे म्हणतात. नवरा-नवरी त्याच्यापुढे बसतात. मेष्ट्रु तिकडच्या एका शाळेत काही वर्षं होता, आणि ही बाई त्या गावची. धरणाचं पाणी येणार म्हणून तिचं गाव उठलं होतं. ती आता बनशंकरीच्या देवळापलीकडे, बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोपटात राहत होती.

"आणि रविवार?" मी विचारलं.

"उद्या तिच्या मुलीचं लग्न आहे. इथं."

"इथं! शाळेत! तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"हसे म्हटलं की लग्न आलंच की बाई. हसे काय नुसतं बघत बसायला काढतात होय?"

मी त्या बाईकडे वळले आणि माझ्या मोडक्या कानडीत विचारलं, अक्का, तुमच्या खोपटावर का नाही काढलं? ती बाकावरून उतरली. तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "पत्र्यावर माती धरत नाही, अम्मा. दोनदा लावली. वाळली की पडते." मग म्हणाली, माझं हसे माझ्या आईनं काढलं होतं, ती भिंत यंदा पाण्याखाली जाईल. पोरीला उघड्या भिंतीपुढं कसं बसवू?

मी काही बोलणार इतक्यात चिटणीस आले. तेच, टक्कलवाले. सोबत चुन्याची बादली घेतलेला एक रंगारी. सोमवारच्या आधी पडवीवर एक हात मारून घ्यावा म्हणून ते स्वतः आले होते. त्यांनी भिंत पाहिली, आणि त्यांचं टक्कलसुद्धा लाल झालं.

"बाई, हा काय तमाशा आहे? सोमवारी इन्स्पेक्शन आहे आणि तुम्ही शाळेला शेणामातीची झोपडी करून ठेवलीत? परवानगी कुणी दिली?"

मेष्ट्रूंनी छत्रीतून अर्ज काढून दिला. चिटणिसांनी तो उजेडात धरून वाचला.

"ठसे," ते म्हणाले. "इथे स्पष्ट 'ठसे' लिहिलंय. बाईंनी ठशांना परवानगी दिली आहे. म्हणजे हे विनापरवाना आहे. बाईंचा काही दोष नाही. चला, खरडून काढा आणि चुना मारा."

रंगाऱ्यानं बादली खाली ठेवली. मेष्ट्रूंनी तेव्हा पहिल्यांदा तो कागद नीट वाचला. 'ह'वरची माझी लाल फुली त्याला दिसली. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून छत्रीतले ब्रश मोजू लागला. बाई चुकल्या, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण एरवी एका कोंबड्यावर अर्धा तास वाद घालणाऱ्या या माणसाला नेमकी आजच वाचा बसायची होती! अक्काला मराठी कळत नव्हतं, पण चुन्याची बादली कळत होती. ती भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. ओल्या चित्राला धक्का लागू नये म्हणून बोटभर अंतर ठेवून.

खरं सांगते, मी गप्प राहिले असते तर सुटले असते. कागद माझ्या बाजूचा होता. शाळेची मान्यता, माझी नोकरी, सगळं त्या एका 'ठ'वर सुरक्षित होतं. तेवढ्यात करपल्या तांदळांची ती मुलगी खालून म्हणाली, "बाई, नक्षीतली शिडी अजून राहिलीय. पटकन काढू?"

मी चिटणिसांच्या हातातून कागद घेतला आणि लाल पेन काढलं.

"मूळ शब्द हसे आहे," मी म्हणाले. "तो बरोबर होता. मी चुकीचा दुरुस्त केला." आणि 'ठ' खोडून त्याच्याही वर 'ह' लिहिला. खाली पुन्हा सही केली. स्वतःची चूक लाल शाईत दुरुस्त करण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"अहो बाई," चिटणीस किंचाळले, "सोमवारी शाळेचं हसं होईल हो!"

"सोमवारी नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी आहे."

मला विनोद करायचा नव्हता. मला रडू येत होतं. पण मेष्ट्रु असा काही हसला की चौथीची सगळी मुलंही हसली, आणि चिटणीस रंगाऱ्याला घेऊन तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सामानावर लक्ष ठेवायला, असं घरी सांगून. चाळीसेक माणसं होती, सगळी त्या उठलेल्या गावांची, कुठून कुठून आलेली. नवरी लहानखुरी होती. ती भिंतीपुढे बसली तेव्हा तिच्या डोक्यामागे बरोबर ती चार रेघांची नवरी आली. अक्का रडली नाही. ती मुलीकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत होती. उजव्या अंगाला मुलांची शिडी होती; एक पायरी वाकडी गेली होती, आणि अक्कानं तिच्या टोकावर एक पाखरू बसवून ते निभावून नेलं होतं. अगदी खाली पांढऱ्या अक्षरांत होतं: 'हे आम्ही अक्काकडुन शीकलो. ईयत्ता चौथी.' मी सवयीनं पर्समध्ये हात घातला. लाल भिंतीवर लाल पेनाचा उपयोग नसतो.

सोमवारी इन्स्पेक्टर आले. मुलांची हजेरी पाहिली, पाढे विचारले. भिंतीपुढून दोनदा गेले आणि काही बोलले नाहीत. मस्टर उघडल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "हा कोंबडा कोण?" मान्यता मिळाली. अहवालात दोन शेरे होते: शिक्षकांच्या हजेरीपटात अनियमित नोंदी, भिंती स्वच्छ नाहीत.

चिटणिसांना तेवढे पुरे होते. कमिटीनं ठरवलं की ड्रॉइंग वर्गशिक्षकही शिकवू शकतात, जूनपासून वेगळ्या मास्तरांची गरज नाही. माझ्याबद्दल ठराव झाला नाही. मुख्याध्यापिका कुठून आणणार? मी सभेत बोलले. चूक माझी होती, असंही बोलले. पण राजीनामा देईन, असं म्हणाले नाही. ते म्हणायला हवं होतं. मला त्याची लाज वाटते, आणि इतक्या वर्षांत ती कमी झालेली नाही.

कामावरून कमी केल्याचं पत्र मलाच लिहावं लागलं. मेष्ट्रूंनी ते उभ्याउभ्या वाचलं, यावेळी अगदी शेवटपर्यंत.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "चूक एक नाही."

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी चिडून विचारलं. "बाईंनी शब्द बदलला, एवढं म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही 'ठसेच बरोबर' म्हणाला असता. मला माहीत हाय तुमचं." आणि मग, माझं तोंड बघून, "स्वल्प गंमत केली ओ बाई. सरी, बरं तर, येतो."

असा हा माणूस. शेवटच्या दिवशीही धड रागावू देईना.

तो गेल्यावर मी टेबलापाशी आले. खोडरबरांचा डबा त्यानं तिथं ठेवला होता, आत एकेका रबराला चिठ्ठी बांधून, कुणाचं कुठलं ते लिहून. शेजारी मस्टर उघडं होतं. त्या दिवशीच्या चौकटीत कोंबडा नव्हता, पळी नव्हती. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यानं सही केली होती. सुवाच्य, वळणदार, अक्षर न्‌ अक्षर सुटं, पूर्ण नाव. आणि स्वतःच्याच नावात वेलांटी चुकवली होती.

मुद्दाम. पन्नाशीच्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही काय? मुद्दामच केली होती, मला खात्री आहे.

मी लाल पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ त्या वेलांटीकडे बघत बसले. मग टोपण लावलं, आणि शेजारी 'हजर' असंही लिहिलं नाही.